‘घेऊन तर पाहा’ या सल्ल्याची तपासणी



बुद्धी तल्लख करणाऱ्या गोळ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘घेऊन तर पाहा.’ विकणारा ते म्हणतो, घेणारा शेजाऱ्याला सांगतो, आणि दहावी-बारावीच्या तोंडावर शंखपुष्पीची बाटली पुढे करणारी घरातली वडीलधारी माणसेही तेच म्हणतात. वरवर पाहता त्यात वावगे काही नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, गुण आला तर उत्तम, नाही आला तर बाटली फडताळात जाते. आज मला या एका सल्ल्याचीच तपासणी करायची आहे, आणि तीही दोन प्रकारच्या माणसांपुरती. एक, ज्यांना ओसीडी आहे, म्हणजे ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणत आले तो आजार. आणि दुसरी, ज्यांचे अवधानच टिकत नाही, ज्यांच्या त्रासाला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. माझे म्हणणे थोडक्यात असे: ‘घेऊन पाहा’ म्हणताना गोळीची परीक्षा घेण्याचे काम आपण त्या माणसावरच सोपवतो, आणि हे दोन आजार बिघडवतात ती नेमकी परीक्षा घेण्याचीच ताकद. म्हणून इतर कोणाहीपेक्षा या माणसांना दुसऱ्यांनी केलेल्या चाचण्यांची गरज जास्त आहे.

कॉर्नेलियू जुर्जिया या मूळच्या रुमानियातल्या शास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या यूसीबी कंपनीत १९६४ साली पिरासिटम हे रसायन तयार केले आणि १९७२ साली अशा रसायनांच्या वर्गाला ‘नूट्रोपिक’ हे नाव दिले. त्याच्या अटी कडक होत्या. शिकणे आणि आठवणे सुधारले पाहिजे, मेंदूचे इजेपासून रक्षण झाले पाहिजे, आणि दुष्परिणाम जवळपास नसले पाहिजेत. एवढ्या सगळ्या अटी निर्विवाद पुऱ्या करणारे रसायन आज अर्ध्या शतकानंतरही कोणी दाखवू शकेल असे मला वाटत नाही; नाव मात्र राहिले आणि पसरले. आता त्याच नावाखाली ब्राह्मी, अश्वगंधा, गिंको, माशाच्या तेलातले ओमेगा-३, चहातले थिआनिन, इनोसिटॉल, एन-ॲसिटिल सिस्टीन असे काय वाटेल ते विकले जाते. आपल्याकडे पिरासिटम चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. बाकीच्यांपैकी बरेचसे मात्र कायद्याच्या दृष्टीने अन्न. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमावलीनुसार पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. डबीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एकाग्रता आणि स्मरणशक्ती, आणि मागे, भिंग लावून वाचावी अशा अक्षरांत, हे औषध नव्हे. औषधाला बाजारात येण्याआधी आपला गुण सिद्ध करावा लागतो. पूरकाच्या बाबतीत ते ओझे कोणावरच नसते, आणि म्हणून ते अलगद ग्राहकाच्या खांद्यावर येते.

आता तक्रारीकडे पाहू. ‘लक्ष लागत नाही’ हे तीन शब्द दोन अगदी वेगळ्या घरांतून येतात. एडीएचडी असलेल्या मुलाचे लक्ष पुस्तकातून सुटते कारण ते धरून ठेवणारी यंत्रणाच सैल आहे. खिडकीबाहेरचा कावळा, बाकावरची रेघ, मनात आलेली भलतीच कल्पना, कशानेही ते निसटते. ओसीडी असलेल्या मुलीचे लक्षही त्याच पानावरून उडते, पण ते सैल झालेले नसते. ते दुसरीकडे घट्ट अडकलेले असते. गॅसचा नॉब बंद केला का, हात नीट धुतले का, मनात आलेल्या त्या अभद्र विचाराने आईचे काही वाईट तर होणार नाही ना, या प्रश्नांवर तिचा मेंदू अहोरात्र राबतो आणि इतिहासाच्या धड्यासाठी त्याच्याजवळ काही उरत नाही. इस्रायलमधले संशोधक आमिताई अब्रामोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हाच मुद्दा मांडला. अवधानाच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच मागे पडतात, पण कारणे वेगळी असतात. ओसीडीत अवधानाचा तुटवडा दिसतो तो मनावर पडलेल्या जादा बोजामुळे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मान्य केले तर एकाग्रता वाढवणारी गोळी ओसीडीच्या रुग्णाला कशासाठी द्यायची, हाच प्रश्न पडतो. अडकलेल्या लक्षाला आणखी बळ मिळाले तर ते सुटेल की अधिकच रुतेल? इथे सरळसोट तर्कही चालत नाही, हे सांगितले पाहिजे. २००९ साली लॉरिन कोरान यांच्या गटाने अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या २४ ओसीडी रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना चालू औषधाच्या जोडीला ॲम्फेटामिन दिले, निम्म्यांना केवळ तुलनेसाठी कॅफीन. उतार दोन्ही गटांत पडला. कॅफीनने ओसीडी बरा होतो असे यावरून कोणी ठरवू नये; गटात फक्त बारा माणसे होती. पण मेंदूच्या बाबतीत घरबसल्या बांधलेले अंदाज किती लवकर चुकतात, ते यातून दिसते.

एन-ॲसिटिल सिस्टीनची, म्हणजे नॅकची, हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ओसीडीसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरकांत तिला सर्वांत जास्त शास्त्रीय आधार असल्याचे सांगितले जाते. हे रसायन डॉक्टरांना नवे नाही. कफ पातळ करण्यासाठी ते कित्येक दशके वापरात आहे, आणि पॅरासिटामॉलचा अतिरेक झालेल्या रुग्णाचे यकृत वाचवण्यासाठी इस्पितळात हेच दिले जाते. ग्लुटामेट हा चेतासंदेशक ओसीडीत बिघडलेला असावा आणि नॅक त्याचा तोल सावरत असावे, असा तर्क पुढे आला. २००६ मध्ये एकाच रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली: चालू औषधाला जोड म्हणून नॅक दिले आणि बराच उतार पडला. २०१२ साली इराणमध्ये ४८ रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. नॅक घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना गुण आला. तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. इथून नॅकचा बोलबाला सुरू झाला. पुढे मात्र चित्र पालटले. २०१७ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी ४० रुग्णांना १६ आठवडे, दिवसाला तीन ग्रॅमपर्यंत नॅक दिले. ओसीडीच्या लक्षणांत निष्क्रिय गोळीपेक्षा फरक आढळला नाही. आणि २०२२ साली ऑस्ट्रेलियात, ९८ रुग्णांवर, २० आठवडे, दिवसाला दोन ते चार ग्रॅम, अशी तोवरची सर्वांत मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मुख्य मापात तिथेही नॅक निष्क्रिय गोळीच्या पुढे गेले नाही.

मधल्या काळात नॅकला अनुकूल अशा आणखी काही लहान चाचण्याही आल्या. त्यामुळे कोणी म्हणेल, काही बाजूने, काही विरुद्ध, म्हणजे निकाल लागलेला नाही. मी तसे म्हणणार नाही. छोट्या चाचण्यांत चार-पाच रुग्ण इकडचे तिकडे झाले की निकाल उलटतो, आणि लहान चाचणीत गुण दिसला तर ती छापली जाण्याची शक्यता वाढते. जसजशी माणसे वाढतात, मुदत लांबते आणि शिस्त कडक होते, तसतसा गुण विरत जात असेल, तर तो बहुधा मुळातच फारसा नव्हता, असेच मानणे शहाणपणाचे. इनोसिटॉलचेही असेच झाले. १९९६ साली इस्रायलमध्ये १३ रुग्णांना दिवसाला तब्बल १८ ग्रॅम इनोसिटॉल दिले तेव्हा गुण दिसला. चालू औषधाला जोड म्हणून दिले तेव्हा तो दिसला नाही. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात लोकप्रिय वनस्पती तर ओसीडीच्या २००५च्या चाचणीत आणि एडीएचडी असलेल्या मुलांच्या २००८च्या चाचणीत, दोन्हीकडे निष्क्रिय गोळीइतकीच ठरली.

‘तुमच्या चाचण्या तुमच्यापाशी, मला फरक पडला,’ असे म्हणणाऱ्याला काय सांगायचे? तो खोटे बोलत नाही. पण ओसीडीची मोजणी कशी होते ते पाहा. येल-ब्राउन मापनश्रेणीत दहा प्रश्न असतात, पाच विचारांचे, पाच कृतींचे: दिवसाचा किती वेळ जातो, कामात किती अडथळा येतो, त्रास किती होतो, विरोध किती करता, ताबा किती राहतो. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. सोळापासून तेवीसपर्यंत मध्यम, चोविसापासून पुढे तीव्र. हा आजार भरती-ओहोटीने चालतो. परीक्षा, बाळंतपण, नोकरीतली बदली यांच्या आसपास चढतो आणि पुढे काहीसा खाली येतो. माणूस गोळी कधी सुरू करतो? अठ्ठाविसावर असताना; अठरावर असताना तो चारचौघांसारखा वावरत असतो. मग आजार आपल्या गतीने खाली उतरला तरी श्रेय गोळीला मिळते, आणि पुन्हा चढला तर मात्रा कमी पडली असे वाटते. दोन्ही बाजूंनी गोळीच जिंकते. त्यातही आजाराचा गाभाच संशय आहे. कुलूप डोळ्यांनी पाहूनही ज्याला ते लागल्याची खात्री पटत नाही, त्याला ‘आज विचार कालपेक्षा कमी आले का?’ हे रोज स्वतःला विचारायला सांगणे म्हणजे कुलूप तपासण्याच्या जोडीला मन तपासण्याचे नवे काम लावणे. कॅप्सूल बरोबर आठलाच घेतली का, जेवणाआधी की नंतर, कंपनी बदलली म्हणून तर गुण गेला नाही ना, मॅग्नेशियमसोबत घेतली ते बाधले का: हे प्रश्न पूरकांबद्दलचे वाटतात, पण त्यांची चाल मंत्रचळाचीच आहे. गोळीत काय आहे याइतकेच ती घेतली कशी जाते हेही इथे महत्त्वाचे आहे, आणि पूरकांच्या चर्चेत हा मुद्दा जवळजवळ येतच नाही.

एडीएचडीत गोष्ट वेगळी, पण गफलत तीच. तिथे फसवतो तो अंगात आलेला जोर. इरेना इलियेवा आणि मार्था फरा यांनी २०१३ साली ४६ निरोगी माणसांना ॲम्फेटामिनची मिश्र क्षारांची गोळी आणि निष्क्रिय गोळी वेगवेगळ्या वेळी देऊन चाचण्या घेतल्या. बहुतेक कसोट्यांत कामगिरी सुधारली नाही. ‘माझे काम सुधारले’ ही भावना मात्र स्पष्ट वाढली. २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० निरोगी माणसांना अवघड कोडी सोडवायला दिली, एकेका खेपेला मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल किंवा डेक्स्ट्रोॲम्फेटामिन देऊन. माणसांनी जास्त कष्ट घेतले, जास्त वेळ दिला, आणि कष्टांचा दर्जा घसरला. निरोगी माणसांवरचे हे निष्कर्ष जसेच्या तसे एडीएचडीला लागू नाहीत. तिथे मिथाइलफेनिडेटचा गुण अनेक मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला आहे. मला त्यातून घ्यायचा आहे तो एवढाच धडा की जोम आणि नेमकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आतून त्या सारख्याच भासतात. खुद्द एडीएचडीतल्या पूरकांचे म्हणाल तर ओमेगा-३कडून मोठी आशा होती. २०११च्या एका एकत्रित विश्लेषणात, ६९९ मुलांच्या आकडेवारीवरून, लहानसा पण खरा गुण दिसला होता. २०२३ साली चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ३७ चाचण्या तपासल्या तेव्हा, पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत निष्क्रिय गोळीपेक्षा फरक नाही, असा निष्कर्ष निघाला. कॅफीन आणि थिआनिन यांची जोडी सध्या गाजते आहे. एडीएचडी असलेल्या मुलांवरच्या तिच्या ज्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासाचा २०२०पासून दाखला दिला जातो, त्यात मुले होती पाच.

आता आपल्या परंपरेकडून येणारा आक्षेप. चरकाने चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टिमधूचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. पाश्चात्त्यांनी नूट्रोपिक म्हणायच्या कितीतरी आधी आमच्याकडे हे होते, असा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्या संहितेतले रसायन म्हणजे वैद्याने प्रकृती पाहून, पथ्यासह दिलेली योजना. ती आणि काउंटरवरची कॅप्सूल एक नव्हेत. शिवाय वनस्पती कोणती, इथूनच घोळ सुरू होतो. ओल्या जागी पसरणारी, जाडसर बारक्या पानांची, फिकट फुलांची बाकोपा, आणि मूत्रपिंडाच्या आकाराच्या गोलसर पानांची मंडूकपर्णी, जिला कोकणात कारिवणा म्हणतात, या दोन्ही वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती बाजारात ब्राह्मी म्हणून चालतात. बाकोपावर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने चांगले काम केले आहे, आणि निरोगी प्रौढांवरच्या काही चाचण्यांत रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे घेतल्यावर आठवणीच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली. हे नाकारायचे कारण नाही. पण अवधान न टिकण्याचा आणि चंचलतेचा त्रास असलेल्या मुलग्यांवर ऑस्ट्रेलियात चौदा आठवड्यांची चाचणी झाली तेव्हा, काही बौद्धिक कसोट्यांत थोडा फरक पडूनही, वर्तनाच्या ज्या लक्षणांसाठी पालक गोळी देतात त्यांत निष्क्रिय गोळीपेक्षा सुधारणा आढळली नाही. शब्दांची यादी आठवणे निराळे आणि वर्गात पंचेचाळीस मिनिटे बसणे निराळे.

सर्वांत सबळ आक्षेप शेवटी घेतो: मान्यताप्राप्त उपचार तरी सगळ्यांना कुठे लागू पडतात, आणि मिळतात तरी कुठे? पहिला भाग खरा आहे. ओसीडीत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांनी साधारण ४० ते ६० टक्के रुग्णांना गुण येतो, तोही चढ्या मात्रेत आठ ते बारा आठवडे कळ काढल्यावर. उरलेल्यांची हताशा मी समजू शकतो, आणि नॅकची बाटली हातात घेणाऱ्याला हसण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांच्यासाठी पुढची पायरी असते, आणि ती अनेकदा गोळीची नसतेच. भीतीला जाणूनबुजून सामोरे जाऊन सक्तीची कृती रोखण्याची उपचारपद्धती, ईआरपी, व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये वापरून दाखवली. एडना फोआ आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या चाचणीत उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ईआरपीने ८६ टक्के, क्लोमिप्रामिन या औषधाने ४८ टक्के आणि निष्क्रिय गोळीने १० टक्के रुग्णांना गुण आला. औषध कंपन्यांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी तर हे आकडे आवर्जून पाहावेत, कारण ईआरपी कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही, आणि निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराबाहेर आढळले. ईआरपी जाणणारे मानसशास्त्रज्ञ तर मुंबई-पुणे-ठाणे सोडले की शोधावे लागतात. तरीही यातून पूरकांचे समर्थन निघत नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली फ्लुऑक्सेटिन या एसएसआरआयची जेनेरिक गोळी परदेशी पूरकाच्या डबीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून मराठीतही उत्तर देतो. अपुऱ्या सेवेवर उतारा म्हणून बिनपुराव्याची गोळी पुढे करणे ही गरिबाची सोय नव्हे.

‘निदान अपाय तरी नाही,’ हेही तपासून घ्यावे. एसएसआरआय चालू असताना ५-एचटीपी हे पूरक किंवा सेंट जॉन्स वर्ट घेतले तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. त्यात ताप, थरथर, गोंधळ होतो आणि इस्पितळ गाठावे लागते. अमेरिकेत पीटर कोहेन यांच्या गटाने २०२१ साली बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा उत्पादनांची तपासणी केली, तर त्यांत तिथे मान्यता नसलेली पाच औषधे सापडली, कधी लेबलावर नसलेलीही. आणि मोठा अपाय वेळेचा. कोवळ्या वयात सुरू झालेला मंत्रचळ योग्य हातांत पोचेपर्यंत अनेकदा वर्षे उलटतात. ‘अजून तीन महिने ब्राह्मी घेऊन बघू’ अशा वाक्यांनी ती वर्षे भरलेली असतात.

यावरून मी सगळ्याच पूरकांच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे शहर आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ब-१२ची तीव्र कमतरता स्मृती, अवधान आणि मनःस्थिती, सगळ्यांनाच ग्रासते. शाकाहारी घरातल्या विसरभोळ्या माणसाने ते तपासून घ्यावे, आणि कमी असेल तर खुशाल गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावीत. लोहाचे, थायरॉइडचेही तेच. पण इथे निवाडा कोण करतो ते पाहा: रक्ताचा अहवाल. ‘बरे वाटले का?’ हा प्रश्न दुय्यम आहे. माझ्या मते पूरक घ्यावे की नाही याची रेघ इथेच ओढता येते.

तरीही माणसे घेतच राहणार, आणि डॉक्टरांपासून लपवून घेणार, कारण सांगितले की ओरडा बसतो. माझ्या दृष्टीने सध्याची सर्वांत धोक्याची जागा हीच. मानसोपचाराच्या ओपीडीत ‘आणखी काय काय घेता?’ हा प्रश्न ओरडा न देता विचारला जावा आणि रुग्णाने सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणाव्यात, एवढे झाले तरी पुष्कळ. ओपीडीच्या गर्दीत लेबले वाचायला दहा मिनिटे नसतात, ही अडचण खरी आहे. पण एसएसआरआय आणि बुद्धिवर्धक कॅप्सूल बऱ्याचदा एकाच दुकानातून, एकाच बिलावर घरी जातात, आणि काउंटरपलीकडे नोंदणीकृत फार्मसिस्ट असणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. हे दोन्ही एकत्र घ्यायचे आहे का, एवढे विचारायला त्याला अर्धे मिनिट पुरते.